टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

देवावर माझा विश्वास लहानपणापासून होता, पण तो तपासून पाहायची वेळ कधी आली नव्हती. ती वेळ एका जुन्या डिझेल जीपने आणली. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. वडनेरपासून आत, कच्च्या रस्त्यावर आमचं गाव. लिलावात घेतलेली पेट्रोलची जीप मी स्वतः खपून डिझेलवर केली होती आणि बाजाराला, लग्नाला, दवाखान्याला गावातली माणसं तिच्यातूनच नेत असे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात एसटी यायची बंद झाली की माझीच गाडी तेवढी निघायची. गाडीच्या दुखण्यातलं मला सगळं कळतं असा माझा समज होता, आणि गावाने तो लाडाने वाढवलाही होता.

गावाच्या शिवेवरचा मारुती हे माझं दैवत. दर शनिवारी आंघोळ करून दर्शनाला जायचो आणि येताना मूर्तीच्या पायाशी असलेला तेलात कालवलेला शेंदूर थोडासा कागदात घेऊन यायचो. त्याचं एक बोट बॉनेटवर, एक स्टिअरिंगवर आणि एक डिझेलच्या टाकीच्या झाकणावर. हे झाकण ड्रायव्हरच्या बाजूला बाहेरून असतं. गाडीचं अन्न तिथून पोटात जातं म्हणून तिथला टिळा मी जरा भरघोसच लावायचो. चार वर्षांत एक शनिवार चुकला नाही. कोणी पुसायला गेलं तर मी अंगावर जात असे.

त्या वर्षी दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी गाडीने छळायला सुरुवात केली. सकाळी एका दमात लागायची. तीनचार मैल गेलं की आचके द्यायची आणि बंद पडायची. मग स्टार्टर कितीही मारा, नुसती घुमायची, लागायची नाही. मी आधी बॅटरी धरली, हिंगणघाटला नेऊन चार्ज करून आणली. मग हीटर प्लग बदलले. मग स्टार्टर उघडून बसलो. मग फिल्टर नवा घातला, पाइपातली हवा काढली. गंमत अशी की दरवेळी हे सगळं करण्यात अर्धापाऊण तास जायचा आणि त्यानंतर गाडी लागायची. ज्याला शेवटचा हात लावला त्यालाच मी दोषी ठरवायचो आणि दोष सापडला म्हणून मिशीला पीळ द्यायचो. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असा सगळा कारभार होता.

दहाव्या दिवशी मात्र माझा धीर सुटला. मारुतीसमोर उभा राहून मी चक्क भांडलो. तुझ्या सेवेत माझं काय चुकलं ते तरी सांग, म्हटलं. मग स्वतःच घाबरलो आणि प्रायश्चित्त म्हणून शनिवारची वाट न पाहता रोज शेंदूर लावू लागलो, तोही दुप्पट. तरी गाडी दिवसेंदिवस लवकर बंद पडू लागली. आपल्यावर देवाची खप्पा मर्जी झाली आहे हे माझ्या मनाने घेतलं.

अशातच एका दुपारी वहिनी धापा टाकत अंगणात आल्या. माझा थोरला भाऊ, दादा, सकाळपासून कपाशीवर फवारणी करत होता. वारा उलटा होता आणि पाठीवरचा पंप गळत होता, तरी याने काम सोडलं नाही. आता तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पडला होता. घामाने निथळत होता, तोंडातून लाळ गळत होती, दंडाचे स्नायू आपोआप उडत होते. वडील गेल्यावर मला याच माणसाने वाढवलं. आम्ही त्याला उचलून जीपमध्ये मागे घातलं, वहिनींनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी हिंगणघाटची वाट धरली. मनात एकच धावा चालू होता, आज बंद पडू देऊ नकोस.

गाडी दोन मैलांवर बंद पडली. रस्त्याला लागूनच एक विहीर होती. तिच्यावर डिझेल इंजिन चालू होतं आणि जाड पाइपातून मिरचीच्या वाफ्यांना पाणी पडत होतं. मी स्टार्टर मारत राहिलो. मागे वहिनी रडत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मी मारुतीला शिव्या दिल्या. त्या मी आजवर कोणाला सांगितलेल्या नाहीत.

विहिरीवरून पन्नाशीचा एक माणूस खांद्यावर फडकं टाकून आला. ओळख ना पाळख. "काऊन थांबली भाऊ?" म्हणून त्याने मागे डोकावलं आणि त्याला वास आला असावा. "आरे बाप्पा, यायचे कपडे तर औषधानं चिंब हायत. तसेच घेऊन चालले काय? काढा पयले. ते आंगातूनच आत जाऊन राह्यलं." आम्ही दोघांनी दादाला उचलून पाइपाच्या धारेखाली धरलं. त्या माणसाने साबणाची वडी आणली आणि डोक्यापासून पायापर्यंत, केसांतून, नखांतून, सख्ख्या भावासारखा त्याला धुऊन काढला. आपल्या फडक्याने पुसून, विहिरीवर वाळत घातलेलं आपलं धोतर गुंडाळून त्याला पुन्हा गाडीत निजवलं. हे मला सुचलं नव्हतं. मला फक्त गाडी दिसत होती.

मग तो गाडीकडे वळला. बॉनेट उघडलं नाही की कशाला हात लावला नाही, आधी विचारलं. "सकाळी लागते काय?" लागते. "चालता चालता मरते?" हो. "अर्धा घंटा थांबलं का पुन्हा लागते?" लागते. "मंग बॅटरीचा काय संबंध भाऊ? इंजन उपाशी मरून राह्यलं तुमचं." असं म्हणून त्याने टाकीचं झाकण फिरवलं. झाकण सैल होताच सूंऽ करून हवा आत शिरल्याचा आवाज झाला. त्याने झाकण उलटसुलट करून पाहिलं. टाकीतलं डिझेल कमी होतं तशी आत हवा जावी म्हणून या झाकणाला एक बारीक भोक असतं. हवा आत गेली नाही तर टाकीत ओढ धरते आणि पंपाला डिझेल येत नाही. गाडी उभी राहिली की कुठून तरी थोडी हवा झिरपते, म्हणून पुन्हा लागते. माझ्या झाकणावर बोटभर जाडीचा शेंदराचा थर होता. भोक कुठे होतं ते मलाही सांगता आलं नसतं.

"माह्या इंजनाच्या टाकीच्या तोंडाले मी ट्यूबचा तुकडा असाच गच्च बांधला होता," तो म्हणाला. "दिवसभर समजलं नाई." मग त्याने झाकण माझ्या हातात ठेवलं. "हे तुमच्या देवाचं हाय. आमच्या बापानं दीक्षा घेतली तवाच घरातले देव नदीत सोडले, मी काई मानत नाई. पण तुमचं मी खरवडणार नाई. तुमच्याच हातानं काढा."

मी कच खाल्ली. झाकण सैल ठेवून जातो म्हटलं. तो म्हणाला, "या रस्त्यानं? शिवारभर सांडन डिझेल." आणि वाकून बाभळीचा एक काटा उचलून माझ्यापुढे धरला. मागून दादाच्या घशातली घरघर ऐकू येत होती. चार वर्षांचा शेंदूर मी नखांनी आणि त्या काट्याने खरवडू लागलो. देव कोपेल तर कोपो, शिक्षा मला होवो, याला वाचू दे, एवढंच मी म्हटलं. तोवर मी मारुतीकडे शेकडो गोष्टी मागितल्या होत्या, पण स्वतःचं काही त्याच्या हवाली केलं होतं ते त्या दिवशी पहिल्यांदा. भोक मोकळं झालं. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून मी हाताने पंप मारला, आधी फेस आला, मग सलग डिझेल. दुसऱ्या स्टार्टरला गाडी लागली आणि हिंगणघाटपर्यंत एक आचका बसला नाही.

डॉक्टरांनी दादाला पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, याला धुतला कोणी? अंगावरचं औषध तसंच राहिलं असतं तर आमच्या हातात काही उरलं नसतं, असं ते म्हणाले. मी भिंतीला टेकून खाली बसलो. म्हणजे गाडी बंद पडली नसती, तर मी दादाला तसाच ओल्या कपड्यांत धावत घेऊन आलो असतो. आणि ती त्या विहिरीपाशी बंद पडली ती माझ्याच भाबडेपणाने. वाऱ्याच्या पुत्राचा टिळा लावून मी गाडीचा वारा कोंडला होता. यातलं देवाने किती केलं, त्या माणसाने किती आणि माझ्या चुकीने किती, हे मला उलगडत नाही. आता ते उलगडायचा हट्टही उरला नाही. भक्ती म्हणजे आपलंच एकेक बोट थापत राहणं नव्हे, एवढं मात्र कळलं. त्याला यायला वाट ठेवावी लागते, आणि तो कोणाच्या रूपाने येईल ते आपण ठरवायचं नसतं.

दादा आठ दिवसांनी घरी आला. मी त्या माणसाचं धुतलेलं धोतर, नारळ आणि पेढे घेऊन त्या विहिरीवर गेलो. तो मिरच्यांना पाणी देत होता. मी सरळ त्याच्या पायांशी वाकलो. त्याने चिखलाच्या हातांनी मला वरच्या वर धरलं.

"पाया कायले पडता भाऊ?" तो म्हणाला. "तुमचा भाऊ जेवते काय, ते सांगा."

"जेवते," मी म्हटलं. "काल दोन भाकरी खाल्ल्या." आणि त्याचे हात खांद्यावर असतानाच मला रडू कोसळलं.