तेल कुठलं हवं ते विचारलं, गोळ्या कुठल्या ते नाही

आज दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या आईला हृदयाच्या त्रासामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. तिचे गुडघे दुखतात म्हणून भावाने गोव्यात हरमलच्या एका दुकानातून सीबीडी तेल, म्हणजे भांगेच्या झाडापासून काढलेलं तेल, आणलं होतं. जिभेखाली घ्यायचं. आज सकाळी तिच्या दंडांवर काळेनिळे डाग दिसले. कुठे आपटलीही नव्हती.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. प्रमाणाबाहेर पातळ झालं होतं. "या तेलाने त्या गोळीचा जोर वाढू शकतो," ते म्हणाले आणि तेल बंद करायला लावलं. आई बिचारी म्हणते, "अगो, तेलच ता. तेलान काय होतला, असा वाटला माका."

तिला घरी सोडून मी थेट दुकानात गेले. सगळं सांगितलं. दुकानदाराने शांतपणे दोन बाटल्या काढल्या.

"तुम्ही फुल स्पेक्ट्रम नेलं होतं, मॅडम, त्यात झाडातलं सगळंच येतं. आता ब्रॉड न्या, त्यात नशेचा अंश नाही. नाहीतर हे आयसोलेट, नुसतं सीबीडी, एकदम शुद्ध."

"सीबीडी तर सगळ्यांतच आहे ना? मग तिच्या गोळ्यांचं काय?"

"नॅचरल आहे, काही होत नाही."

आईच्या दंडाचा फोटो मी त्याच्यासमोर धरला. त्याने पाहिला, बाटल्या परत ठेवल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तुमच्यापैकी कुणी असं तेल घेतलं असेल, तर सांगा. दुसरी कुठली औषधं चालू आहेत, हे तुम्हाला विकणाऱ्याने विचारलं होतं का?