थड आणि बँग

कादरसर शिकवताना एका जागी कधी उभे राहत नसत. दाराशी जात, खिडकीशी येत, फळ्यावर एक शब्द लिहीत आणि पुन्हा दाराशी. बेचाळीस साली नगरच्या आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत आणि मी मराठी. मधली भिंत पातळ, त्यामुळे त्यांचा तास मला रोज ऐकू यायचा. "अर्थ पाठ करू नका रे," ते मुलांना म्हणायचे, "शब्दाला कान लावा."

'बँग' शिकवताना त्यांनी एकदा दार इतक्या जोरात आपटलं, की हेडमास्तर धावत आले. सर त्यांच्यासमोरच बोलत राहिले, "बँग म्हणजे आवाज फुटतो. बंदूक, सुरुंग, आपटलेलं दार." मग एका मुलाचं दप्तर उचलून त्यांनी जमिनीवर टाकलं. "आणि हा थड. हा आवाज जमिनीत मुरतो. एकाच्या जागी दुसरा वापराल तर खोटं बोलाल."

त्या पावसाळ्यात चळवळ पेटली. धरपकड सुरू झाली. मॅजिस्ट्रेट गोरा होता, त्याच्यासाठी जबान्या इंग्रजीत करायला माणसं कमी पडू लागली, म्हणून एका दुपारी पोलीस कादरसरांना शाळेतून घेऊन गेले. गावाबाहेरच्या रेल्वे पुलाखाली कोणी बॉम्ब उडवून पाहिल्याचा संशय होता. तिथे तिसगावचा दगडू नावाचा शेतकरी बैलगाडीसह सापडला होता. गाडीतून बाजरीचं पोतं पडलं, एवढंच तो सांगत होता. पुलावरच्या राखणदाराने आवाज ऐकला होता. त्याची आणि आणखी कितीकांची जबानी सरांनी दिवस मावळेपर्यंत उतरवली. दगडूला तुरुंगात टाकलं आणि खटला लांबत गेला.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली. एक दिवस भिंतीपलीकडून एका मुलाने वाक्य वाचलं, पोतं पडलं आणि 'बँग' असा आवाज झाला.

"नाही रे, पोतं पडलं तर..." सर म्हणाले आणि थांबले. त्यांच्या येरझाऱ्याही थांबल्या, म्हणून मी डोकावलो. ते खडू हातात धरून फळ्याकडे पाहत होते.

मधल्या सुट्टीत त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. "मोरे, तो राखणदार 'धप्प' म्हणाला होता. पोलिसांचा जमादार शेजारून म्हणाला, स्फोटच तो. आणि मी बँग लिहून मोकळा झालो."

"आता कोण विचारतंय ते?" मी म्हणालो. "उलट चळवळवाल्यांना सामील म्हणून तुम्हालाच धरतील. घरी चार लेकरं आहेत तुमच्या."

"लेकरं त्यालाही असतील."

पुढचे काही दिवस त्यांना कुठेच चैन पडेना. डबा उघडायचा, झाकायचा. बोलता बोलता उठायचं आणि फाटकापर्यंत जाऊन यायचं. शेवटी एका सकाळी ते थेट मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत जाऊन उभे राहिले. मीही मागे गेलो होतो.

"इतक्या दिवसांनी आजच कसं आठवलं?" सरकारी वकिलाने विचारलं.

"आठवलं नाही, साहेब. ऐकू आलं."

मॅजिस्ट्रेटने राखणदाराला पुन्हा बोलावलं. तो म्हणाला, "धप्प झालं, सायेब. पोतं पडावं तसं."

"मग आधी का नाही सांगितलं?" वकिलाने विचारलं.

"सांगितलं हुतं की. इंग्रजीत काय ल्हिलं, ते मला कसं कळनार?"

दगडू सुटला. सरांकडे मात्र शाळेच्या मंडळाने, सरकारचा रोष नको म्हणून, राजीनामा मागितला. तो त्यांनी निमूट दिला. अकोल्याकडे एका नातेवाइकाने त्यांच्यासाठी काम पाहिलं. पण जाण्याआधी त्यांना तिसगाव गाठायचं होतं. "एकट्याला जाववत नाही," म्हणाले, म्हणून मी बरोबर गेलो. तीच आमची शेवटची सोबत.

दगडू ओट्यावर जू दुरुस्त करत बसला होता. सरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. जमादारावरही ढकललं नाही.

दगडूने हातातलं काम खाली ठेवलं. "आई गेली माझी दिवाळीच्या आदी," तो म्हणाला. "शेवटाला माझंच नाव घेत हुती म्हनं. मी न्हवतो."

दगडू उठून आत गेला. जा म्हणून सांगायची ही रीत असेल, असं समजून मी सरांची बाही ओढली. ते हलले नाहीत.

थोड्या वेळाने दगडू भाकरी आणि ठेचा घेऊन बाहेर आला.

"माफबिफ मी काय केलं न्हाई अजून," तो म्हणाला. "हुईल का न्हाई, ते बी ठावं न्हाई. पन जेवनाच्या वक्ताला दारातनं उपाशी कसं जाऊ द्यायचं? बसा."

सर बसले. पहिला घास त्यांच्या हातातच राहिला. दगडूने पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला, आपली भाकरी मोडली आणि त्यांच्यासमोरच जेवायला बसला.