बिनवासाचं अंथरूण

"आक्का, मऊ पायजे, पर लई मऊ नगं. कोरडं पायजे, पर फुफाटा नगं. आनि वास आजिबात नगं."

"साप हाय का जावई, रं?" सुईत दोरा ओवता ओवता अक्काताईनं विचारलं.

भरमू हसला नाही. तिच्या सोप्यावर त्यानं काचेची पेटी उतरवली होती. पेटीत मनगटाएवढा जाड, तपकिरी अंगावर पिवळे डाग असलेला साप स्वतःचीच चुंबळ करून बसला होता.

भरमू तिचा धाकटा भाऊ. बेळगावात वायरिंगची कामं करायचा आणि कुणाच्या घरात साप निघाला की पकडायला जायचा. कॅम्पातल्या एका बिऱ्हाडाची उत्तरेकडं बदली झाली. त्यांनी भांडीकुंडी नेली, कुत्रं नेलं, पाळलेला साप मात्र बंद घरात ठेवून गेले. वास सुटला तेव्हा घरमालकानं भरमूला बोलावलं. पेटीतला कागद भिजून चिखल झाला होता आणि त्याच्यावर पडून पडून सापाच्या पोटाचं कातडं सोललं होतं.

"इख न्हाय ह्याला. लांबच्या मुलकातली जात हाय, हितल्या रानात सोडला तर जगायचा न्हाय," भरमू म्हणाला. "फॉरेस्टवाल्यास्नी कळीवलंय. प्राणिसंग्रहालयात जागा हाय म्हणालेत, पर पोट सुकल्याबिगर आत घेत न्हाईत. सुकलं तर त्येला घर हाय. चिघळलं तर मेला म्हण."

"आनि तुझ्या खोलीवर काय झालं?"

"मालक म्हणतोय, एक तर तू ऱ्हा, न्हायतर त्येला ठेव."

"मालकाला माणसाची पारख हाय," अक्काताई म्हणाली, आणि पेटी आत घे अशी मान हलवली.

सदलग्याच्या अलीकडच्या त्या गावात अक्काताईची ओळख वाकळांची. जुनी लुगडी, धोतरं, फाटकी पोलकी थरावर थर लावून ती वाकळ शिवायची. टाका असा की पाठीला लागणार नाही आणि धुतली तरी उसवणार नाही. गावातली निम्मी पोरं तिच्या दुपट्यावर लोळून मोठी झाली होती. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या पाठी सोलल्या की सुना तिच्याकडं यायच्या. तेव्हा भरमूनं डॉक्टरऐवजी आधी बहिणीकडं यावं, यात तिला नवल वाटलं नाही. अंथरूण म्हटल्यावर अक्काताई, मग वर माणूस असो का साप.

भरमू गेल्यावर ती कामाला लागली. शेजारच्या मालुबाईनं वखारीतला लाकडाचा भुसा आणून दिला. अक्काताईनं तो तळहातावर चोळला, फुंकला आणि परत केला. "घावात चिकटंल." उसाचं पाचट बघितलं, त्याची धार बोटालाच लागली. भाताचं तूस टोचणारं. नदीची वाळू धडधाकट सापाला चालंल, सोललेल्या पोटाला नाही. कागदाचा तर प्रश्नच नव्हता. कागदानंच त्याचं वाटोळं केलं होतं.

राहिलं कापड. कोनाड्याखालच्या बोचक्यातून तिनं वापरून वापरून सायीसारखं झालेलं एक सुती लुगडं काढलं. नाकाला लावून हुंगलं. वास नव्हता. दोरा सुटून शेपटीला आवळू नये म्हणून कडा दोनदा दुमडल्या, दोन पदर एकावर एक घालून बारीक धावदोरा घातला. पेटीच्या मापाची वाकळ तयार झाली.

"बारशाला घुगऱ्या कर गं," मालुबाई दारातनं म्हणाली.

"तू पाळणा म्हणाय ये, मग करते."

भरमूनं शिकवल्याप्रमाणं एक हात मानेमागं आणि एक पोटाच्या कडेला घालून तिनं साप उचलला आणि वाकळीवर ठेवला. थंडगार, जड, भिजलेल्या दोरखंडासारखं वजन. पहिल्या रात्रीनंतर तिला भीती वाटेनाशी झाली. सकाळी उठलं, मिश्री लावली, चूळ भरली, की ती साप उचलून पोट बघायची. लालसर घाव हळूहळू कोरडा पडायला लागला. तिनं भरमूला फोन केला, "तुझ्या पाव्हण्याला अंथरूण मानवलं रं."

आणि दोन दिवसांत पाव्हणा बिघडला. चुंबळ सुटली. डोकं एका कुशीला कलंडलं. उचललं तर मान सावरेना, उताणा पडला तर वळता येईना. जीभ बाहेर काढायलाच तो विसरल्यासारखा झाला. घाव मात्र सुकत होता. तिला कोडं पडलं.

भरमूनं बेळगावच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोनवर घेतलं.

"घरात फिनेल? डांबरगोळ्या? मच्छरची कॉइल?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय न्हाय, सायेब."

"अंथरुणाला कसला वास?"

तिनं परत हुंगलं. "कसलाच न्हाय."

तरी तिनं वाकळ काढली आणि त्याच बोचक्यातलं दुसरं धडपं घातलं. दुसऱ्या दिवशी साप आणखी लुळा. शिवायला बसली की तिची नजर पेटीकडं जायची, टाका वाकडा पडायचा आणि उसवावा लागायचा. आपल्या अंथरुणावर पडून एखादा जीव असा ढिला पडावा, हे तिला सोसत नव्हतं. साप म्हणून नव्हे. अंथरूण तिचं होतं.

त्याच दुपारी बेळगावच्या वासंतीबाई आल्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आईच्या साड्यांची वाकळ त्यांनी शिवायला टाकली होती. अक्काताईनं घडी त्यांच्या मांडीवर ठेवली. बाईंनी ती उलगडली, टाक्यांवरून हात फिरवला आणि दोनदा शिंकल्या.

"काम सुरेख झालंय, अक्काताई. पण तंबाखूचा वास फार येतो हो. मागच्या वाकळेलाही मी आठवडाभर उन्हं दाखवली, तेव्हा कुठं अंगावर घेता आली."

"तंबाखूचा?" अक्काताईनं घडी ओढून घेतली, तिच्यात नाक खुपसून हुंगली. "मला तर येत न्हाय."

मालुबाई पुढं झाली, तिनंही हुंगलं. "कुठं काय? कापडाचा वास हाय."

वासंतीबाईंनी दोघींकडं पाहिलं. "तुम्हाला कसा येईल?"

अक्काताई उठली. तिनं बोचकं सोडलं आणि उपडं केलं. लुगड्यांच्या घड्यांमधनं तंबाखूची वाळकी पानं खाली पडली. कसर लागू नये म्हणून तिची आई घालायची, आजी घालायची, गावात सगळ्याच घालतात. निपाणीच्या ह्या अंगाला तंबाखू रानात असते, खळ्यावर असते, वखारीत, टेम्पोत, माणसांच्या धोतरात असते. तो वास नाकाला कळायचा तर हवा पण कळायला पाहिजे. तिनं उजव्या हाताचं पहिलं बोट बघितलं. भाजलेल्या तंबाखूच्या मिश्रीनं पेराला कायमचा काळा रंग चढला होता. ह्याच बोटानं ती रोज पोट चाचपायची.

डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांचा आवाज बदलला. "तंबाखू सापाला विषच आहे, बाई. सगळं काढा. पेटी नुसत्या गरम पाण्यानं पुसा, त्याचं अंगही हलक्या हातानं कोमट पाण्यानं धुवून टिपून घ्या. साधा कागद घाला आणि रोज बदला."

"कागदानंच पोट नासलं न्हवं?"

"कागदानं नाही. ओलीनं."

अक्काताईनं फोन ठेवला. चाळीस वर्षं सुई हातात धरल्यावर शेवटी रद्दी.

मालुबाई घरातनं वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आली. "ह्यातलं कानडी हाय, ह्यातलं मराठी. कुठलं घालतीस?"

"त्येला इचार."

"नगं बाई, ह्यो बी मोर्चा काढंल."

वासंतीबाईंना परत शिंका आल्या, त्या हसण्यात मिसळून गेल्या. पेटी पुसायचं काम त्यांनीच केलं. ह्या घरात तेवढेच हात बिनवासाचे होते.

अक्काताईनं साबणानं हात धुतले, परत धुतले आणि वासंतीबाईंच्या नाकापुढं धरले. बाईंनी मान हलवली. मग तिनं मिश्रीची डबी उचलून तुळईवर ठेवली.

"तुझा दाल्ला सांगून सांगून मेला, तवा सोडली न्हाईस," मालुबाई म्हणाली. "सापासाठी सोडलीस व्हय?"

"सांगणारा दाल्ला सोता बी मिश्री लावायचा. साप लावत न्हाय."

पुढचे दिवस वाईट गेले. तिचं डोकं ठणकायचं, दात शिवशिवायचे, सकाळी तोंडात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. मालुबाईशी दोनदा भांडण झालं आणि दोन्ही वेळा कशावरून ते दोघींना आठवेना. रोज सकाळी ती पेटीतला कागद बदलायची. साप कधी उताणा, कधी कुशीला, जसा ठेवला तसा. एकदा तिला वाटलं, संपलं. मग तिनं बोटानं शेपटी उचलली तर शेपटीनं बोटाला हलकेच वेढा घातला.

एका सकाळी चहा उकळत असताना सोप्यावर कागद खसखसला. तिनं डोकावलं. साप पेटीच्या कडेनं सरकत होता. मान अजून थोडी डुगडुगत होती, पण जीभ आत-बाहेर चालली होती. तिनं त्याला काचेशी उलटा धरून पोट पाहिलं. सोललेल्या जागी पातळ, चकचकीत नवं कातडं आलं होतं.

बाजाराच्या दिवशी भरमू फॉरेस्टची गाडी घेऊन आला. गाडीतल्या माणसानं पोट बघितलं, मान हलवली आणि पेटी उचलली. भरमूनं कोपऱ्यातली ती लहान वाकळ दाखवली. "ही देऊ का संगं? एवढी शिवलीस."

"खुळा का तू? कागद दे जास्तीचा," ती म्हणाली. "आनि त्येस्नी सांग, रोज बदलाय."

गाडी वळणाआड गेली. कुंपणावर वासंतीबाईंच्या आईच्या साड्या वाळत पडल्या होत्या. अक्काताईनं आख्खी वाकळ उसवून दोन पाण्यांत धुतली होती. वाळलेल्या तिनं उचलल्या, सोप्यावर थर लावून पसरल्या, गुडघा टेकून चारी कोपरे ओढून घेतले आणि सुईत दोरा ओवला.