डाव्या पोटाचं बूच

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, तर जरा धीर धरा. आयुष्यभर घासाघीस केलेला माणूस मी, खरी किंमत पहिल्या बोलीत सांगायची सवयच नाही.

धाकट्या भावावर, शंकरवर, माझा राग आहे, हे आमच्या ओळखीतल्या सगळ्या कोल्हापूरला ठाऊक आहे. त्यानं माझी बोट बुडवायला काढली, वर मला सोडून गेला, आणि आता दसऱ्याला थोरल्याला सोनं द्यायलाही येत नाही. हे गाऱ्हाणं मी इतक्यांदा सांगितलंय की ऐकणारेच पुढची वाक्यं म्हणतात.

बोटीचं खूळ माझं. लेथवर उभा राहून शिकलो, पुढं स्वतःचा इंजिनांचा कारखाना काढला. ऐंशी साल उजाडायच्या थोडी आधीची गोष्ट. मोठ्या गिऱ्हाइकांना हॉटेलात जेवण कुणीही घालतं. मी ठरवलं, कुरुंदवाडला संगमावर बोट ठेवायची. माणसं घेऊन दिवसभर कृष्णेतून फिरायचं, काठाला लावून जेवायचं.

रत्नागिरीकडं बोटी बघायला शंकरला घेऊन गेलो. त्याला साधी एकपोटी लाँच आवडली. मला जोडबोट हवी होती. पाण्यात बसणारी दोन अरुंद, पोकळ पोटं, त्यांवर सलग फळ्यांचं अंगण, प्रत्येक पोटात एक इंजिन. हेलकावत नाही, उथळ पाण्यात चालते, एक इंजिन रुसलं तरी दुसरं घरी आणतं. एक पुढं आणि एक मागं घेतलं की जागच्या जागी वळते! मालकाशी भांडलो, दोनदा उठून रस्त्यावर आलो, तिसऱ्यांदा त्यानंच हाक मारली. पोटं सुटी करून ट्रकमधून घाट चढवली.

वाटेत शंकर म्हणाला, "दादा, दोन पोटं म्हंजे दोन ठिकाणी बघाय लागतंय की. एकात पाणी शिरलं तर तिरकीच व्हनार ही."

"तुला एकपोटी पायजे तर तुझ्या पैशानं घे," मी म्हणालो.

चालवायला मात्र तोच. त्याचा हात हलका होता. मी चाकावर बसलो की पाण्यावरसुद्धा ओरडायचो.

त्या दसऱ्याला पाहुणे आले होते. सांगलीचे एक बडे गिऱ्हाईक, त्यांच्या घरच्या बायका, म्हातारी आई. बायकांनी नदीची ओटी भरली, बोट निघाली. बरंच पाणी कापल्यावर डाव्या इंजिनाचा आवाज घोगरा झाला आणि ते बंद पडलं. बोट डावीकडं कलायला लागली. डबे घरंगळले, म्हातारीनं कठडा धरला. बायका किंचाळत उजवीकडं सरकल्या. नुसतं उजवं इंजिन बोटीला डावीकडंच ढकलत होतं. शंकरनं ती ओढ मोडली नाही, तिच्याच जोरावर बोट डाव्या काठाच्या मळीत, गाळात नेऊन रुतवली. एकाच्याही नाकात पाणी गेलं नाही.

पाहुणे लालबुंद. "अहो, माझी आई हाय हितं! तुमची इंजिनं बी असलीच का हो?"

आणि मी काय केलं? सगळ्यांच्या देखत शंकरच्या थोबाडीत मारली. "तळाचं बूच बघितलं न्हाईस व्हय रं, बेवड्या?"

तो दारूच्या थेंबालाही शिवत नव्हता. त्यानं माझ्याकडं बघितलं. पाहुण्यांच्या आईला हात धरून चिखलातून वर नेलं आणि तसाच पेठ वडगावला, सासुरवाडीला गेला. तिथंच पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं.

इथवरचं तुम्ही कुणाकडूनही ऐकू शकाल, थोबाडीत सोडून. ती मी सांगताना गाळतो.

आता न सांगितलेलं. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी एकटाच कुरुंदवाडला गेलो होतो. काठावरच्या हातरहाटानं बोट वर ओढून डाव्या पोटात साठलेलं पाणी तळाच्या भोकातून काढलं. मग पितळी बूच परत बसवायचं, सुतळी गुंडाळून पान्यानं आवळायचं. पण पाने पूजेत मांडलेले. पूजेतलं हत्यार खंडेनवमीला उचलायचं नाही, यावरून मी कारखान्यातल्या माणसांना शिव्या घातलेल्या. म्हणून हातानंच फिरवलं. घट्ट वाटलं. पाना उद्या लावू, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी इंजिनाच्या थरथरीनं ते उलटं फिरत सुटलं. पाहुणे गेल्यावर मी पोटात उतरलो तर ते तिथंच पडलेलं होतं, आटे शाबूत. खिशात घातलं आणि वर येऊन काठावर जमलेल्यांना म्हणालो, शंकरनं बसवलंच नव्हतं.

पुढं एका धरणावर लाँच चालवायला माणूस हवा होता. तिथल्या साहेबांनी मला विचारलं, तुमचा भाऊ कसा आहे? मी म्हणालो, "हात चांगला हाय. लक्ष नसतंय." कुणी जबरदस्ती केली होती? कुणीच नाही. चहा पिता पिता म्हणालो.

विसरलो होतो, असंही तुम्हाला वाटू नये. पाहुणे बोटीत चढत होते तेव्हा शंकरनं मला बाजूला घेतलं होतं.

"दादा, दोन्ही पोटं बघितलीसा न्हवं? का मी उतरू?"

पूजा उतरली होती, पाना हाताशी होता, बूच आवळायचंय हे डोक्यात होतं. पण गिऱ्हाइकासमोर धाकट्यानं मला विचारावं?

"बघितली," मी म्हणालो. "तू चाक धर."

माझ्या शब्दावर त्यानं चाक धरलं.