शेवटच्या सायकलच्या मागे

बेकरीची गाडी रविवारी पाव पोचवत नाही. वर्षातल्या एका रविवारी मात्र ती माणसं गोळा करते. तीन तलावांच्या सायकल-फेरीत सगळ्यांच्या मागून चालते ती हीच गाडी, आणि ती चालवतात शेपूटकाका. पहिल्याच वर्षी माइकवरचा माणूस ओरडला होता, "थांबा थांबा, हत्ती गेला, शेपूट राहिलंय!" तेव्हापासून काकांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं. त्यांना त्याचं वाईट वाटत नाही. "शेपूट कापलं तर माशा कोण हाकणार?" असं ते उलट विचारतात.

काम दिसायला सोपं. जो दमेल, पडेल, हार मानेल त्याला सायकलसकट उचलायचं. पण त्यातही काकांचे नियम आहेत. दमलेल्या माणसाला "बसता का?" असं कधी विचारायचं नाही. विचारलं की तो बसतोच. त्याने स्वतः हात केला तर दार उघडायचं आणि वर एक अक्षर बोलायचं नाही. आणि प्रत्येक पाण्याच्या थांब्यावर उतरून "मागे कोण?" विचारायचं, "कोणी नाही" असं कानाने ऐकल्याशिवाय गिअर टाकायचा नाही. आजवर त्यांच्या हातून रस्त्यावर कोणी सुटलेलं नाही. ही गोष्ट ते स्वतः सांगत नाहीत. दुसरा कोणी सांगत असला तर मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतात.

यंदा काकूंनी फेरीत नाव घातलं. काकू इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करतात. त्या बाजूची बस बंद झाली तेव्हा लेकीची जुनी सायकल त्यांनी बाहेर काढली आणि धुलाईखान्यापर्यंत जायला लागल्या. मग सुट्टीच्या दिवशी पहिल्या तलावापर्यंत, मग दुसऱ्या. पुढे गिअरची सायकल आली. काकांना वाटलं, हौस आहे, फिटेल. ती फिटली नाही.

"वहिनी, या वयात?" काकांची बहीण म्हणाली. "गुडघे काय भाड्याने आणलेत?"

"घरचेच आहेत, म्हणून तर वापरतेय," काकू म्हणाल्या.

"बरं आहे बाई. नाहीतरी मागे नवऱ्याची गाडी असणारच. दमलीस की बस."

हे वाक्य काकूंना लागलं. कारण तेच वाक्य त्यांनी धुलाईखान्यात ऐकलं होतं, सायकलच्या दुकानात ऐकलं होतं आणि लेकीने लाडाने म्हटलेलंही ऐकलं होतं. घरचीच गाडी, दमलीस की बस. त्यांना फेरी पुरी करायची होती ती हे एक वाक्य खोटं पाडण्यासाठी. आदल्या संध्याकाळी चाकात हवा भरताना त्यांनी काकांना बजावलं, "उद्या तुम्ही माझे कोणी नाही. फार जवळ गाडी आणू नका, लोक म्हणतील नवरा ढकलतोय."

"आणि पडलीस तर?"

"पडले तर उठेन. उद्या पहिल्यांदाच का पडणार आहे मी?"

पहिल्या तलावाचा रस्ता सपाट, पण पाण्यावरून येणारा वारा थेट छातीवर. तिथे काकू चांगल्या मध्यावर होत्या. दुसऱ्या तलावाला रस्ता पाण्याला बिलगून नागमोडी जातो. तिथे त्या मागे पडत पडत शेवटच्या घोळक्यात आल्या, आणि घोळकाही पांगला. सोबत उरले चित्रकलेचे एक मास्तर. मास्तर सपाटीवर वेगवान, पण दर थोड्या वेळाने काहीतरी बघायला थांबणारे. दोघं गप्पा मारत बंधाऱ्यापर्यंत आले.

बंधाऱ्यावर पाण्याचा थांबा होता. काकूंनी बाटली भरली, अर्धं केळं खाल्लं आणि निघाल्या. काकांनी लांबून पाहिलं. काकूंच्या खांद्यांची ठेवण बदलली होती. इस्त्रीच्या टेबलाशी दिवस संपताना असतात तसे खांदे. काकांनी घाईने गिअर टाकला आणि मागोमाग निघाले. थांब्यावरच्या पोराने हात हलवला, त्यांना वाटलं निरोप देतोय.

बंधारा संपला की डोंगराचा पायथा. इथला चढ सायकलवाल्यांमध्ये 'सासू' म्हणून ओळखला जातो, कारण कितीही केलं तरी तिचं आणखी एक काहीतरी उरलेलंच असतं. वळण आलं की वाटतं हेच शेवटचं, आणि पलीकडे पुढचं दिसतं. पाच वाजता तिसऱ्या तलावाकाठचं फाटक बंद होणार होतं. त्यानंतर पोचलेल्याची फेरी पुरी धरत नाहीत.

काकू चढत होत्या. हळू, पण एका लयीत. काका मागून पहिल्या गिअरमध्ये, हात स्टिअरिंगवर आवळून. 'बसतेस का' हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर आले आणि त्यांनी ते गिळले. दुसऱ्या वळणाला पुन्हा आले, पुन्हा गिळले.

आणि काकू थांबल्या. पाय जमिनीला टेकला, मागे वळून त्यांनी हात केला.

काकांना वाटलं, झालं, दमली. गाडी पुढे घेऊन त्यांनी दाराच्या कडीला हात घातला.

"मास्तर कुठे आहेत?" काकूंनी विचारलं.

"कोण?"

"चित्रकलेचे मास्तर. बंधाऱ्यावर म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. सपाटीवर ते माझ्या दुप्पट पळतात. अजून मला गाठलं कसं नाही? तुमच्या पुढे आहेत की मागे?"

काकांनी मान वळवून मागच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"विचारलं नाही तुम्ही?" काकूंचा आवाज चढला. "अहो, मागे कोण, हे विचारलंच नाही?"

"तू निघालीस, मी तुझ्याकडे बघत होतो."

"माझ्याकडे बघायला आरसा आहे घरी! जा मागे. इथे फोन लागत नाही, तो माणूस एकटा असेल."

"आणि तू?"

"मी तुमची कोणी नाही, सांगितलं ना काल!"

काकांना एक गोष्ट कळत होती, आणि तीच बोचत होती. चढावर एकदा पाय टेकला की पुन्हा पेडल पकडणं फार जड. मास्तरांसाठी तिने आपली लय मोडली होती. अरुंद रस्त्यावर पुढे-मागे करून त्यांनी गाडी वळवली. आरशात काकू सायकल हाताने ढकलत चालताना दिसल्या, मग वळणाआड गेल्या.

मास्तर बंधाऱ्यावर पंपघरामागे सावलीत बसले होते. साखळी तुटलेली, हात काळे.

"पोराने तुम्हाला हात करून सांगितलं होतं," ते शांतपणे म्हणाले. "म्हटलं, शेपटालाही कधीतरी घाई असते."

"चुकलं माझं," काका म्हणाले. मास्तर आपणहून गाडीत चढले, त्यामुळे 'बसता का?' विचारायचा प्रश्नच आला नाही.

पुन्हा चढ. या वेळी काका प्रत्येक वळण भीत भीत घेत होते. कठड्यावर बसलेली, रस्त्याच्या कडेला आडवी पडलेली, काय दिसेल कोण जाणे. वळण रिकामं. पुढचं वळण रिकामं. रिकामा रस्ता पाहून माणसाला इतका हुरूप येतो हे त्यांना त्या दिवशी कळलं. माथाही रिकामा होता. खाली तिसरा तलाव आणि त्याच्याकडे उतरणारा रस्ता, त्यावरही कोणी नाही.

फाटक बंद झालेलं होतं. आत काकू बूट काढून गवतावर बसल्या होत्या, गळ्यात पदक. पाच वाजायला थोडा अवकाश असताना पोचल्या, असं फाटकावरच्याने सांगितलं.

"मास्तर सापडले?" काकूंनी पहिलं विचारलं.

"सापडले."

"मग बसा की. उभे का?"

काका बसले. तिचे बूट उचलून त्यांतली माती झटकू लागले.

सोमवारी पहाटे बेकरीत मात्र त्यांचं तोंड सुटलं. ट्रे भरता भरता ते भट्टीवाल्याला सासूचा चढ सांगत होते. वारा कुठून होता, कोणत्या वळणाला तिने गिअर बदलला, माथ्यावर कशी सुसाट सुटली. भट्टीवाला पीठ मळायचं थांबला. कामावर जाताना पाव न्यायला आलेल्या काकू दारात उभं राहून ऐकत होत्या.

"अहो, तुम्ही तिथे होता कुठे?"

"नव्हतो म्हणून काय झालं? रस्ता माझ्या ओळखीचा आहे, बायकोही."

"सुसाट वगैरे काही नाही. मधली दोन वळणं मी सायकल धरून चालले."

"ते मी गाळतो," काका म्हणाले.

"गाळू नका," पाव पिशवीत टाकत काकू म्हणाल्या. "तेही सांगा. चालले तीसुद्धा माझ्याच पायांनी."

त्या सायकलवर बसून निघून गेल्या. काकांनी भट्टीवाल्याकडे वळून गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.