सावडीतला न आलेला गडी

उत्तर न देणाऱ्या माणसाची काळजी करण्यात आमच्या भावजींचा हात धरेल असा माणूस अख्ख्या शहापूर-मुरबाडात सापडायचा नाही. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार शेणवा. कुणाचा फोन लागला नाही तर तुम्ही-आम्ही कामात असेल म्हणून सोडून देतो. भावजींना ते जमत नाही. सिद्धगडाच्या पायथ्याशी त्यांची मावशी राहते. तिचा फोन एकदा दुपारभर बंद लागला, तर गृहस्थ मोटारसायकल काढून थेट तिच्या दारात. मावशीने फोन चार्जिंगला लावला होता, फक्त बटण दाबायचं राहिलं होतं. भावजींनी बटण दाबलं, नाचणीची भाकरी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी सावकाश परत आले. न्हाव्याचं दुकान बंद दिसलं तेव्हाही तेच. हे त्याच्या घरी चौकशीला गेले. तो सासुरवाडीला गेलेला. आता तो येईपर्यंत दुसऱ्याकडून केस कापून घेतले तर त्याला काय वाटेल, या विचाराने भावजी स्वतःच्या पुतणीच्या लग्नात बैराग्यासारखे वावरले. ताई तो अल्बम अजून कुणाला दाखवत नाही.

असा माणूस कॉम्प्युटरच्या धंद्यात आहे हेच मुळात नवल. माळ्यावरच्या खिडकीपाशी रेंज येते, तिथे बसून ते एका कंपनीचं काम करतात आणि उरलेल्या वेळात सावडीचं ॲप सांभाळतात. सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून माझ्या शेतात भात लावायचा, उद्या तुझ्या. कुणाचा दिवस कधी, हे ॲप सगळ्यांच्या फोनवर दाखवतं. डोळखांबच्या पाड्यापाड्यांत ते वापरतात. भावजींनी ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय, कुणीही बघावं, कुणीही दुरुस्त करावं. कुठले कुठले लोक दुरुस्त्या पाठवतात आणि भावजी प्रत्येकाला आधी गावाकडचं पाऊसपाणी विचारतात.

या ॲपच्या पोटात तारखांचा हिशेब करणारा प्रोग्रामचा एक तुकडा होता, तो मात्र भावजींचा नव्हता. जगाच्या पाठीवरच्या कुणा भल्या माणसाने तो लिहून फुकट ठेवला होता. त्याच्याबद्दल भावजींना एवढंच ठाऊक, की फोटोच्या जागी तो बदकाचं चित्र लावतो. गेली कित्येक वर्षं त्या बदकवाल्याने तुकड्याला हात लावला नव्हता, आणि नव्या फोनवर तो नीट चालेना. मदतनीस मंडळी म्हणाली, काढून टाका, दुसरा घाला, अर्ध्या दिवसाचं काम आहे. भावजी म्हणाले, "त्याला न इचारता कसा काढू? तो आजारी असंल तर?"

मी शहापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून मेल लिहायची पाळी माझ्यावर आली. मी छान लिहिलं, आपण कृपया दुरुस्ती करावी वगैरे. भावजींनी ते पुसायला लावलं आणि म्हणाले, "आधी जेवलात का, ते इचार."

"भावजी, इंग्रजीत असं विचारत नाहीत."

"मंग ती लोकं एकमेकांना इचारतात तरी काय?"

बदकवाल्याला जेवणाबद्दल विचारणारा मेल गेला. उत्तर आलं नाही. दुसरा गेला, तिसरा गेला, तोवर लावणी येऊन ठेपली.

आणि एका रविवारी व्हायचं तेच झालं. मी शेणव्याला जेवायला गेले होते, ताट वाढलं होतं, तेवढ्यात डोळखांबहून एका काकींचा फोन आला. त्यांच्या मुलाने त्यांना नवा फोन घेऊन दिला होता. त्यावरून त्यांनी आपला लावणीचा दिवस अलीकडे ओढला, तर तुकड्याने तो सगळ्यांच्या फोनवर महिनाभर पलीकडे नेऊन ठेवला. "रोप उपटून ठेवलाय रे, आन् बांधावर चिटपाखरू नाय," काकी म्हणाल्या. "तो सुकला तं वर्साचा भात मी कुठून आनू?"

भावजींचा चेहरा पडला. वाढलेल्या ताटावरून ते उठले. बदकवाल्याची विचारपूस करता करता काकींचं शेत राहिलं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं, तरी ताईने सांगितलंच. मग भावजींनी डोळखांबच्या वाटेभर फोन करकरून माणसं गोळा केली. आम्हा दोघी बहिणींनाही चिखलात उतरवलं. माझी कंबर त्या दिवसापासून जी रुसली ती रुसलीच. काकींच्या शेजाऱ्याचा पाय मुरगळला होता, म्हणून त्याने आपल्या मेव्हण्याला धाडलं होतं. काकी ओळीने माणसं मोजत आल्या, मेव्हण्यापाशी थांबल्या आणि नाव घेतलं ते शेजाऱ्याचं.

भावजी हातात रोपाची मूठ घेऊन उभेच राहिले. "हा आलाय तो त्याच्या नावानं," ते मला म्हणाले. "बदली आला म्हनून त्याचं नाव कुठं पुसलं गो?"

संध्याकाळच्या आत काकींचं शेत लावून झालं. भावजी घरी आले ते पाय न धुता माळ्यावर चढले. जुना तुकडा काढला, नवा स्वतः लिहिला आणि त्याच्या माथ्यावर बदकवाल्याचं नाव घालून खाली लिहिलं, की यांच्या जागी आम्ही उभे आहोत, हे आले की जागा यांची. मदतनीस मंडळी हसली असतील. ॲप मात्र तेव्हापासून बिनतक्रार चालतंय.

बदकवाल्याला अजूनही अधूनमधून मेल जातो, जेवलात का म्हणून. मी एकदा न राहवून म्हटलं, "भावजी, तो माणूस आता नसेलच तर?"

त्यांनी मेल पाठवायचं बटण दाबलं. "मंग त्याच्या घरचं कोन वाचत असंल. कोनी इचारतंय, येवढं त्यांना कळू दे."

परवा पेपर तपासताना माझा फोन दप्तरातच राहिला. शहापुरात मी एकटीच राहते, फोन वाजला काय नि न वाजला काय. अंधार पडायच्या सुमारास दार वाजलं. दारात भावजी, हातात हेल्मेट, कपडे धुळीने भरलेले.

"फोन नाय उचललास, म्हनून आलो. जेवलीस का गो?"

मी नुकतीच जेवून उठले होते. पण नाही म्हणाले, आणि दोघांपुरतं पीठ मळायला घेतलं.