नसलेल्या पायाखालचा क्लच

दस्तगीर मुलाण्याचा डावा पाय साखरेनं खाल्ला. "उसाच्या मुलखात माणूस साखरेनं जातो, ह्यात नवल ते काय?" आसं म्हणून स्टँडावरचे वडापवाले हसले, आन् हसून झाल्यावर गप झाले. कारण पाय गेलेला डायवर म्हंजे बैल गेलेली गाडी. ती ढकलायची कुनी आन् कुटवर?

कडेगाव ते कऱ्हाड, दस्तगीरनं उभी हयात वडाप हानलं. वडाप म्हंजे माणसं कोंबून न्हेणारी जीप. आत बसलेली वायली, मागं लोंबणारी वायली. हात केला तितं थांबायचं, पर पुरतं थांबायचं न्हाई. क्लच दाबून धरायचा, ब्रेक सोडून द्यायचा, म्हातारी एक पाय खाली टेकतीया तवर पुढच्या माणसाला हाळी घालायची. हँडब्रेक तर त्या जीपला नुसता शोभेला हुता. चढावर उभी करायची तर गाडी बंद करून पैला गेर टाकायचा आन् चाकाखाली धोंडा. सुर्लीचा घाट उतरताना गेर काढून गाडी मोकळी सोडायची, तेवढंच तेल वाचतं. हे सगळं त्याच्या आंगात आसं मुरलं हुतं, की झोपंत बी त्याचा डावा पाय हालायचा. बायकू ताहेरा म्हणायची, "आवं, खाटंवर कसला गेर टाकताय?"

मंग आंगठ्याला खडा टोचल्याचं निमित्त झालं. जखम काळी पडली. सांगलीच्या दवाखान्यात गुडग्याखालनं पाय काढला. औषधपाण्यात जीप गेली. पुढं रबरी पाय बसला, त्यावर तो चालायला लागला. पर एक गोम राहिली. पाय गेला, पर गेल्याचं पायाला कुनी सांगितलंच न्हाई. नसलेल्या आंगठ्याला खाज सुटायची. नसलेली टाच दुखायची. घरावरनं एखादी जीप चढाला लागली की नसलेला तळवा क्लच दाबायचा.

दस्तगीरनं दुसरं काम करून बघितलं न्हाई आसं न्हाई. पंक्चरच्या दुकानात बसला, तितं उकिडवं बसाय येईना. गोडावनावर राखणीला ऱ्हायला, तितल्या मुकादमानं "चोर आला तर तू पळणार कसा?" म्हणून घालीवला. घर ताहेराच्या शिलाई मशीनवर चाललं हुतं. मोहरमात ताबूत उचलाय सालोसाल त्याचा खांदा आसायचा. ह्या साली कुनी हाक मारली न्हाई. त्यानं दारात बसूनच ताबूत जाताना बघितला. त्या दिशी ताहेरानं त्याच्या म्होरं ताट ठेवलं, तर त्यानं ते भित्तीकडं सरकवलं. म्हणला, "बसून खायाचं आसंल तर माती खाईन."

म्हणून गावातल्या भामाबाईचा 'गाडीवर डायवर पायजे' आसा सांगावा आला तवा तो रबरी पायाची पट्टी पुरती न आवळताच निघाला.

भामाबाईचा ल्योक वीरधवल मिल्ट्रीत सुभेदार. सून शिवांजली कऱ्हाडच्या कॉलेजात शिकवायची. वीरधवल लांब आसामात, तवा त्यानं घरातल्या बायकांस्नी सोपं जावं म्हणून आटोमॅटिक गाडी घेऊन दिलेली. शिवांजली सवड मिळंल तशी चालवायची, पर म्हातारीच्या जाण्यायेण्याला आन् नात अंकिताच्या शाळंला माणूस पायजे हुता.

"हिला क्लच न्हाई चाचा," शिवांजली म्हणली. "डाव्या पायाला कामच न्हाई. तुमच्यासाठीच केल्यागत हाय."

दस्तगीरनं खाली वाकून बघितलं. दोनच पायडल. जितं क्लच आसायचा तितं नुसती सपाट जागा. दात पडलेल्या हिरडीगत. तरी तो म्हणला, "ब्येस हाय की."

आरटीओचे खेटे घालून त्यानं तसल्या गाडीपुरता परवाना करून घेतला. मंग माळावर शिकवणी सुरू झाली. शिवांजली शेजारी बसायची आन् पोरास्नी धडा शिकवावा तशी घोकून घ्यायची.

"डावा पाय मागं वडा. शीटखाली. त्यो गाडीत न्हाईच आसं समजा."

"त्यो न्हाईच, ताई."

शिवांजली वरमली, पर शिकवायचं सोडलं न्हाई. "ब्रेक दाबल्याबिगर गाडी चालू करायची न्हाई. डी म्हंजे पुढं, आर म्हंजे मागं. डी मदी टाकली की ब्रेकवरचा पाय उचलायचा आवकाश, एक्सलेटर न देता बी गाडी आपसूक सरकती. ध्येनात धरा. गाडी उभी हाय म्हंजे ती थांबलीया आसं न्हाई. तुमी धरलीया म्हणून उभी हाय."

"आन् माणूस उतरताना?"

"आदी ब्रेक. मंग हँडब्रेक. मंग पी, म्हंजे चाकं जाम. मंगच दार. आन् घाटात एन मदी, म्हंजे गेर काढून, उतरायचं न्हाई. एल मदी टाकायची, इंजानच गाडी वडून धरतं."

"तेल जळंल की, ताई."

"जळू द्या. माणसं ऱ्हातील."

दस्तगीर शिकला. गाडी लोण्यागत चालायची. ना हिसका, ना गेराचा खडखडाट. माळावरनं घरी येताना तो स्टँडावर मुद्दाम रेंगाळला. एकजण वरडला, "काय दस्तगीरभाई, बिनगेराची गाडी? मंग तुमी आत बसून करता काय?"

"राज्य करतो रं," तो म्हणला. किती महिन्यांनी त्यानं आसं उत्तर दिलं हुतं.

त्या राती तो भरपेट जेवला. भाकरीची दुरडी रिकामी झाली.

पैली मोठी फेरी वाईची. तितं भामाबाईची धाकटी भन मनुबाई नदीच्या घाटाजवळ ऱ्हायाची. सकाळच्या पारी निघाले. म्हातारी मागं डाव्या अंगाला बसली, हातातली काठी तिनं पुढच्या शीटवर टाकली. सुर्लीच्या घाटात दस्तगीरनं सांगितल्याबरहुकूम एल टाकला. इंजान घुमलं, गाडी आवरून उतरली. त्याच्या हाताला सवयीनं गेर काढायची हुक्की आली, ती त्यानं दाबली. हायवेला तर म्हातारीला डुलकी लागली. आरशात तिचं उघडं तोंड बघून दस्तगीरला वाटलं, आपल्यावर इसवास टाकून माणूस झोपतंया. जमलं. आता मरंपतूर ह्येच.

वाईत मनुबाईच्या बोळाच्या तोंडाला त्यानं गाडी थांबवली. जागा सपाट. मागनं एक टमटमवाला भोंगा वाजवाय लागला. "आवं बाजूला घ्या की!" भामाबाईनं दार उघडलं, एक पाय खाली टेकला, एका हातानं दाराची चौकट धरली.

"दस्तगीर, काठी दे रं माजी."

आन् दस्तगीरच्या आंगातला वडापवाला जागा झाला. मागं भोंगा, दारात म्हातारी, पुढं मोकळा रस्ता. त्याच्या नसलेल्या डाव्या पायानं क्लच दाबला. आगदी तळापतूर. त्याला तो दाबलेला कळला. तळव्याखाली पायडलाची रेघ न् रेघ कळली. क्लच दाबलाय म्हंजे गाडी सुटी हाय, सपाटीला कशाला हालती? त्यानं ब्रेकवरचा उजवा पाय उचलला आन् काठी घ्यायला वाकला.

गाडी सरकली.

"आरं आरं आरं!" म्हातारी एका पायावर लंगडी घालत दाराबरोबर वडली जाऊ लागली. दस्तगीरनं गाडी थांबवायला जीव खाऊन क्लचच आणखी दाबला. रबरी पाय सपाट पत्र्यावर आपटला, ठक. गाडी थांबंना. आणखी दाबला. ठक. आपण ह्या पायानं गाडी धरलीया, आन् गाडी तर निगालीया, हे काय चाललंय ते त्याच्या डोस्क्यात शिरंना. भामाबाई पडली. मंग कुटनं तरी उजवा पाय ब्रेकावर पडला. गाडी हिसका दिऊन थांबली.

पी टाकून, हँडब्रेक वडून तो खाली आला. मागचं चाक म्हातारीच्या लुगड्याच्या काठावर चढलं हुतं. काठापासनं तिची टाच वीतभर बी न्हवती.

टमटमवाला म्हणला, "चालवाय येत न्हाई तर कशाला बसता वो?"

दस्तगीरनं नुसतं चाकाकडं बघितलं. तो तितं रस्त्यावरच बसला, एक पाय मुडपून, दुसरा लाकडागत सरळ. लुगडं चाकाखालनं वडाय लागला. ते निघंना. मंग त्याच्या ध्येनात आलं, गाडी मागं घेतल्याबिगर ते निघायचं न्हाई. त्याला आत बसवंना.

"मुडद्या," भामाबाई पडल्या पडल्या म्हणली, "मारायचीच हुती तर घरी मारायची. इतवर कशाला आणलीस? बस आत आन् घे मागं."

"काकी, माजं हात..."

"हात न्हाईत मागत. पाय वापर. हाय तो."

त्यानं गाडी मागं घेतली. एका चाकाच्या फेऱ्याएवढीच. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला.

मनुबाईच्या दारात म्हातारीच्या मनगटाला हळद चोपडून फडकं बांधलं. मनगट भाकरीगत फुगलं हुतं. दस्तगीर भाईर पायरीवर बसला. भामाबाई त्याच्याजवळ आली आन् हळू आवाजात म्हणली, "कसं झालं ते खरं सांग."

त्यानं सांगितलं. नसलेल्या पायाचं, खाजंचं, क्लचचं, सगळं. म्हातारी आयकत ऱ्हायली.

"म्हंजे भूतच की रं."

"भूत आसतं तर उतरवलं आसतं, काकी. ह्यो माजाच पाय हाय."

"घरी म्या सांगीन, मनीच्या पायरीवरनं घसरले. तू गप बसायचं. शिवांजलीला कळलं तर ती चावी काढून घील, आन् तुजं घर बसंल. माजं काय, मनगट भरून येतं."

दस्तगीरनं मान खाली घातली. नको म्हणाय तोंड उघडलं, पर तोंडातनं निघालं, "व्हय."

परतीची वाट त्यानं कशी काढली ते त्याचं त्याला ठावं. रबरी पाय त्यानं उपरण्यानं शीटच्या दांडीला बांधला. म्हातारीनं मागनं एक एक गोष्ट वरडून म्हणून घेतली. "ब्रेक?" "दाबला." "हँडब्रेक?" "वडला." "पी?" "टाकला." तवाच ती दाराला हात लावायची. घरी तिनं ठरल्याबरहुकूम सांगितलं, पायरीवरनं पडले. शिवांजलीनं सासूला औषध दिलं, आन् दस्तगीरला म्हणली, "बरं झालं चाचा, तुमी संगट हुता. उद्या अंकिताला शाळंला सोडा."

राती ताहेरानं इचारलं, "कशी झाली फेरी?"

"ब्येस."

मंग त्यानं पाय काढून उशाला ठेवला आन् गुडघ्याखाली जितं पाय तुटला हुता तितं फडकं आवळून आवळून बांधलं. जणू गळाच दाबत हुता कुनाचा. ताहेरा बघत ऱ्हायली. फडक्याच्या भाईर, हातभर पुढं, तळवा तसाच जागा हुता.

सकाळी गाडी दारात उभी. चालू. ब्रेक दाबलेला. उपरणं बांधलेलं. अंकिता दप्तर घिऊन पळत आली, एका वेणीची फीत सुटलेली. गाडीच्या म्होरनंच, बोनेटला हात लावत ती दाराकडं वळली.

"चाचा, आज पुढं बसू?"

आन् दस्तगीरला कळलं, डाव्या पायानं क्लच दाबलाय. उपरणं बांधलेलं हुतं, रबरी पाय दांडीला हुता, आन् त्याच्याही पल्याडचा तिसरा कुटला तरी पाय तळापतूर पायडल दाबून बसला हुता. उजव्या पायाला त्यो सांगत हुता, सोड आता, मी धरलीया की.

त्यानं उजवा पाय दोन्ही हातांनी गुडघ्यावर दाबून धरला. मंग हँडब्रेक वडला. पी टाकला. गाडी बंद केली. चावी काढली. "आत जा बाळ," म्हणला, "आईला म्हणावं, आज तू सोड."

भामाबाई सोप्यात मनगट मांडीवर घिऊन बसली हुती. त्यानं चावी तिच्या म्होरं ठेवली.

"काय रं?"

"न्हाई जमत, काकी."

"आरं, खोटं बोलल्याचं पाप म्या माज्या डोस्क्यावर घेतलं! कुनासाठी?"

"तुमी मोटं माणूस. लंगडी घालून तरी वाचला. ती पोरगी चाकाएवढी हाय." तो उंबऱ्यात उभा ऱ्हायला. "शिवांजलीताईस्नी खरं सांगा. न्हाई तर त्या दुसऱ्या कुनाजवळ माजं नाव सांगतील, चाचा चांगला चालीवतो म्हणून."

म्हातारीनं चावी उचलली न्हाई.  मंग म्हणली, "च्या तर पिऊन जा." तो पिऊन न्हाई गेला.

स्टँडावरनं जाताना कुनीतरी हाक दिली, "राजं, आज पायी?" 

घरी ताहेरा मशीनवर हुती. त्याला एवढ्या लौकर बघून तिनं सगळं वळखलं.  तिचं पाय पायडलावर थांबले, सुई कापडात आर्धीच ऱ्हायली.

"गेलं?" ती म्हणली.

"सोडलं."

ती मंग सरकून उठली आन् मशीनम्होरचं स्टूल त्याच्याकडं लोटलं. "ही मशीन एका पायानं चालतीया. शिवण सरळ मारायची, बाकी म्या बगते. ना क्लच, ना ब्रेक. थांबवायची झाली तर चाकावर हात ठेवायचा."

दस्तगीर दारातच बसला. रबरी पाय सोडला, बाजूला ठेवला. रस्त्यानं एक वडाप चढाला लागलं, डायवरनं गेर बदलला, आन् ताहेरानं बघितलं, त्याची डावी मांडी तशीच खाली दाबली गेली.

"बसता का?" तिनं परत इचारलं.

"उद्या बगू," तो म्हणला.

ताहेरानं स्टूल माघारी वडलं न्हाई. उभ्यानंच एका हातानं चाक फिरवून तिनं आडकलेली सुई कापडातनं भाईर काढली.